पीक नसलेली जागा: रायमुनिया काढण्याच्या नोंदी

गावाचं जंगल सांभाळणाऱ्या समितीची कामाची वही वेगळी आहे. तिच्यात मस्टर, मापं, सह्या. ही माझी खासगी वही, त्यातलं काही इथे उतरवतोय. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. चंद्रपूरच्या उत्तरेला, धानाच्या पट्ट्यातलं गाव आहे एवढं पुरे.

१९ एप्रिल २०२३

मोह संपला. बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) वरच्या उतारावर यंदा कोणी गेलंच नाही. तिथे मोहाची नऊ मोठी झाडं आहेत, कोणतं कोणाचं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तरी फुलं खाली सडली, कारण त्या झाडांखाली जमीनच दिसत नाही. सगळी रायमुनिया. पुस्तकात हिला घाणेरी म्हणतात, पुण्याकडे टणटणी. आमच्याकडे रायमुनिया, आणि इतक्या गोड नावाचं इतकं खाजरं झुडूप दुसरं नसेल.

मार्चमध्ये शेजारच्या गावची एक बाई पहाटे मोह वेचायला गेली ती आली नाही. वाघ झुडपात बसलेला असला की पाच हातांवरूनही दिसत नाही. तेव्हा रायमुनिया काढायची की ठेवायची, हा आमच्यात वाद नाहीच. काढायचीच आहे. आज दोरी धरून मोजलं: उतारावर गच्च झालेला तुकडा अंदाजे दोन हेक्टर.

३ मे

वनखात्याकडून समितीला पत्र. 'मानव-वन्यजीव संघर्ष कमी करण्यासाठी' रस्त्याच्या कडा, नाल्याचे काठ आणि बोडीचा उतार इथली परकीय तणं काढायची योजना. आनंदच झाला. मग दुसऱ्या पानावर तक्ता आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दोन शब्द: 'तणनाशक फवारणी'.

तणांची यादी: रायमुनिया, रानतुळस, गाजरगवत, तरोटा.

तरोटा! यादी बायकोला वाचून दाखवली. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "मंग पहिल्या पावसात भाजी कायची करावं? गाजरगवताची?"

मान्य आहे, तरोटा कुरणात माजतो, गवत दाबतो, हरणं त्याला तोंड लावत नाहीत. खात्याच्या जागी बसून पाहिलं तर ते तणच. पण जूनच्या शेवटी, वावरात काही नसताना, अर्ध्या गावाच्या ताटात तोच असतो. पत्र लिहिणाऱ्या बाबूच्या घरीही असणार, तोही इकडलाच.

५ मे

तालुक्याच्या कृषी केंद्रातून ग्लायफोसेट ४१ टक्केची एक रिकामी बाटली मागून आणली. दुकानदाराला वाटलं, बियाणं ठेवायला नेतोय. त्याला म्हटलं, नाही, वाचायला.

बाटलीला चिकटवलेलं माहितीपत्रक दहा घड्यांचं, अक्षर मुंगीएवढं. पोराच्या भिंगाने वाचलं. कशावर वापरायचं: चहाचे मळे, आणि पीक नसलेली जागा. बस. कपाशीचंही नाव नाही, आणि आमच्या विदर्भात ते सर्रास कपाशीच्या ओळींतून मारलं जातं, हा वेगळा तमाशा.

'पीक नसलेली जागा' या तीन शब्दांपाशी थांबलो. रेल्वेचे रूळ, गोदामाचं आवार, पडीक कुंपण. जंगलही यातच बसवलेलं दिसतं. खात्याचं पत्रही त्याच बळावर निघालं असणार.

दुसरी गोष्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांकडूनच व्हावी, कारण माणसाला आणि जनावरांना धोका. उद्योगाच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध याचिकाही झाली. दुकानदाराला विचारलं, असा परवानाधारक तालुक्यात कोण आहे? तो हसला. "भाऊ, इथं ज्याच्या पाठीवर पंप तो चालक."

११ मे

वनखात्याच्या साहेबांना भेटलो. सरळ माणूस. चहा पाजला, ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं जमेल तसं प्रामाणिकपणे लिहितो.

रायमुनिया कुदळीने काढायला मजूर लागतात, मजूर मिळत नाहीत. कापली तर दुप्पट फुटते. पैसा मार्चअखेर खर्च झाला पाहिजे. जंगलात माणसं मरताहेत आणि वरून रोज फोन येतो. फवारणीला खर्च तिसऱ्या हिश्श्याचा. औषध मातीला चिकटलं की निकामी होतं. "आणि विषारीपणा म्हणाल तर जेवणातल्या मिठाहून कमी."

मिठाचं वाक्य मला आधीच सापडलं होतं. उत्पादक कंपनी अमेरिकेत जाहिरातीत असलेच दावे करायची. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यात तिला तिथल्या जाहिराती बदलाव्या लागल्या. हे मी सांगितलं, पण फार ताणलं नाही. कॅन्सरचं मी काढलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं, अमेरिकेची पर्यावरण संस्था तसं मानत नाही. तो सामना वर चालला आहे, आम्ही दोन हेक्टरवाल्यांनी त्यात पंच व्हायचं कारण नाही.

मी एवढंच विचारलं: साहेब, ही पीक नसलेली जागा आहे का?

ते म्हणाले, "कागदावर आहे."

मग आमचा कागद दाखवला. सामूहिक वनहक्काचं मान्यतापत्र. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाची. मोह, तेंदू, चार (चारोळीचं फळ), डिंक, बांबू, सगळं त्यात आलं. कलम ५ नुसार जंगल, पाणलोट आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला. जिथे मालकी आहे आणि दरवर्षी हंगाम निघतो, त्या जागेत पीक नाही असं बाटलीवरच्या कागदाला वाटू शकतं, सरकारला कसं वाटेल?

साहेब थोडं थांबले. "ठराव द्या. पण मग काढून दाखवा. नुसता विरोध नको."

रागाने नाही म्हणाले. म्हणूनच बाहेर पडताना पोटात गोळा आला.

२१ मे

विशेष ग्रामसभा, समाजमंदिरात. तेंदूचा हंगाम आटपलेला, त्यामुळे गर्दी चांगली.

पत्र वाचलं. बाटलीवरचे तीन शब्द वाचले. मागे बसलेली एक म्हातारी उठली. सगळे तिला बुढी म्हणतात, मीही. "पीक नाई म्हनते? कोन म्हनते? पाय गा बापू, लिव." आणि बोटांवर मोजायला लागली. मोह, टोळी, चार, तेंदू, तेंदूची फळं, कुड्याची फुलं, तरोटा, काटवल, सात्या, वास्ते, बेहडा, हिरडा, डिंक, मध... तिची बोटं संपली तशी शेजारची मोजू लागली. (टोळी म्हणजे मोहाचं फळ, सात्या म्हणजे रानातली अळंबी, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब.) मी सत्तावीसपर्यंत लिहिलं. पुढे ऐकूच आलं नाही, सगळ्याच बोलत होत्या.

वाटलं, ठराव आता एकमताने.

मग तो उठला. त्याच्या भावाला दोन वर्षांपूर्वी याच उतारावर वाघाने धरलं होतं. जगला, पण खांदा गेला. तो म्हणाला, "तुमच्या सात्या आन तुमचं काटवल राहू द्या. माहा भाऊ हात वर करू शकत नाई. औषध मारा, आग लावा, काई करा, पन ते झुडूप काढा. या पावसात काढा. पुढल्या मोहाले मी बायकोले तिथं धाडनार नाई."

सभा गप्प झाली. मीसुद्धा. वहीत लिहायला सोपं जातं, पण तेव्हा तोंडातून शब्द निघेना. त्याचं म्हणणं चूक नव्हतंच.

सरपंचबाईंनी तोड काढली. ठराव असा: बोडीच्या उतारावर आणि नाल्यावर तणनाशक नको. पण या पावसाळ्यात दोन्ही हेक्टर हाताने मोकळे झाले पाहिजेत. झाले नाहीत तर पुढच्या वर्षी खात्याला आडवं जायचं नाही. त्यानेही हात वर केला. एकच हात, स्वतःचा, आणि माझ्याकडे बघत.

२०१७ आठवणारे सभेत बरेच होते. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसेक शेतकरी-मजूर विषबाधेने गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हे, हे मी सांगितलं. खोट्या आधारावर ठराव नको. एक काकाजी म्हणाले, "पंप तोच ना जी?"

८ जून

पद्धत. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या व्याघ्र प्रकल्पात वापरलेली. झुडूप वर कापायचं नाही, मुळासकट उपटायचंही नाही. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो गड्डा जमिनीत दोन-तीन बोटं खाली असतो. फुटवे त्यातूनच येतात. कुदळीचा घाव त्याच्या खाली मारायचा, मुख्य मूळ तोडायचं, आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. खालचं मूळ जमिनीत राहिलं तरी फुटत नाही. माती फार उकरली जात नाही, म्हणून बी कमी उगवतं. मग गवत लावायचं, आणि पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपं दोन-तीन पावसाळे उपटत राहायचं.

या शेवटच्या अटीवरच सगळं अडतं. योजना एका वर्षाची असते, बुलबुल दरवर्षी हिची फळं खातो आणि बी टाकतो.

भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं की देशात या एका झुडपाने १,५४,००० चौरस किलोमीटर जंगल व्यापलंय. महाराष्ट्राच्या निम्म्या क्षेत्राएवढं. दोनशे वर्षांपूर्वी कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं. असले आकडे रात्री वाचू नयेत.

२६ जून

पाऊस यंदा उशिरा, तेविसाच्या पुढे आला. आज पहिला दिवस. १३ बाया, ६ पुरुष. ६ कुदळी, २ टिकास, १ सब्बल (पहार), आणि बेचकं असलेल्या सागाच्या काठ्या.

जोडीने काम. एकाने बेचक्याने झुडूप वाकवून धरायचं, दुसऱ्याने बुडाशी कुदळ. पहिले दोन तास सगळे घाव वर बसले. सवय धानाच्या बांधावरची, माती उकरायची, आणि इथे मोजून एकाच जागी मारायचं. बुढी काम करायला नव्हती, बघायला आली होती. तिने एकाच्या हातून कुदळ घेतली, बुडाची माती पायाच्या अंगठ्याने सारली, गड्डा दिसेपर्यंत. मग घाव. कच्चकन. झुडूप आडवं. "पयले पाय, मंग मार." दुपारपासून सगळे अंगठ्याने माती सारू लागले. प्राध्यापकांच्या लिखाणात अंगठा नाही.

काटे वाकडे, बारीक, खोडाला चारी बाजूंनी. हातमोजे सहा जोड्या आणले होते, संध्याकाळपर्यंत चार फाटले. आणि तो वास! तुडवलेल्या पानांचा वास अंघोळीनंतरही जात नाही. घरी मांजर जवळ आलं नाही.

३० जून

कृषी महाविद्यालयात माझ्या वर्गातला एक मित्र फोनवर म्हणाला, वेडेपणा करतोस. दगडात अडकलेली मोठी झुडपं आहेत ना, ती कापून ताज्या बुंध्यावर ब्रशने औषध लाव. फवारा नाही, उडणं नाही, थेंबभर काम.

त्याचं चुकत नाही. उतारावर चाळीसेक झुडपं खडकात अशी बसलीत की कुदळ चालत नाही. दोन दिवस विचार केला. समितीत बोललो. शेवटी नाही ठरलं, आणि कारण शास्त्राचं नाही. समितीच्या खोलीत एकदा बाटली आली की पुढच्या वर्षी, धानाच्या रोवणीच्या घाईत, मजूर नसताना, कोणीतरी ती पंपात ओतणार. कदाचित मीच. ती चाळीस सब्बलीने होतील तेवढी काढायची, उरतील ती दरवर्षी फुलाआधी छाटायची.

९ जुलै

दोन हेक्टर झाले. एकूण २१४ मनुष्यदिवस. रोजगार हमीचा यंदाचा दर २७३ रुपये, त्या हिशेबाने ५८,४२२ रुपये. रोजगार हमीत काम बसलं नाही, अंदाजपत्रकाचा नमुना नाही म्हणून. बांबूच्या पैशातून दिले. काही कुरकुर झाली, समाजमंदिराचं छत त्याच पैशात करायचं होतं.

उतारभर उलटी झुडपं पडलीत, मुळं वर. लांबून बघितलं तर कोणीतरी जंगल पालथं घातल्यासारखं.

उद्यापासून कोणी येणार नाही. रोवणी लागली. रोवणीची मजुरी आमच्यापेक्षा जास्त, आणि धान थांबत नाही.

२२ जुलै

सकाळी फोन. रस्त्याच्या कडेला पंपवाले आलेत.

रस्त्याची कड आमच्या वनहक्काच्या हद्दीबाहेर. ठरावात ती नव्हती, तेव्हा कायद्याने बोलायला जागा नाही. गेलो. चार मुलं, दुसऱ्या तालुक्यातली, कंत्राटदाराची. पाठीवर पंप, तोंडाला गमछा, पायात स्लीपर. एकाच्या पंपाची टाकी गळत होती, पाठीवर शर्ट ओला, निळसर डाग. विचारलं, "काय मारून राह्यले, माहीत हाय का?" तो म्हणाला, "गवताचं औषध." परवाना-बिरवाना त्याने ऐकलाही नव्हता. रोज ४०० मिळतात म्हणाला. माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याच्यावर ओरडायला गेलो होतो, शेवटी त्याला साबण आणून दिला.

नाल्याच्या मोरीपाशी दोन बाटल्या विसळलेल्या, तिथेच टाकलेल्या. फेस आला होता. या औषधांत पानाला चिकटण्यासाठी जे साबणासारखं द्रव्य घालतात, ते बेडकाच्या पिलांना मूळ औषधाहूनही जड जातं असं प्रयोगांत दिसलंय. मोरीखाली पाणी साचलेलं, त्यात बेडकाची पिलं ढिगाने. मी वाकून बघत बसलो. फिरत होती. त्या दिवशी तरी फिरत होती.

त्याच कडेला सकाळी तिघीजणी तरोटा खुडून गेल्या होत्या. फवारणीच्या आधी की नंतर? विचारत तिन्ही घरी गेलो. दोघी आधी. तिसरीला वेळ सांगता येईना. भाजी चुलीवर होती. तिने काही न बोलता पातेलं खाली उतरवलं आणि उकिरड्यावर पालथं केलं. दुपारी त्या घरी मीठ-भाकर.

काही झालं असतं का? बहुतेक नसतं. पण ती दुपार कोणत्या अंदाजपत्रकात लिहायची?

३ ऑगस्ट

कड पिवळी. हे औषध लगेच जाळत नाही. पानातून आत जाऊन मुळापर्यंत उतरतं आणि झाडाला लागणारं एक द्रव्य बनूच देत नाही, त्यामुळे झाड उपाशी राहिल्यासारखं हळूहळू जातं. रायमुनिया पिवळी, तरोटा मेलेला, गाजरगवत मेलेलं. आणि कुड्याची रोपं, दोन लहान मोह, एक आवळा, हेही. पंपाला यादी वाचता येत नाही.

साहेबांना फोटो पाठवले. 'बघतो' असा निरोप.

२ सप्टेंबर

ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, असं बातमीत आलं. आमच्या उतारावर पवन्या आणि मारवेलचं बी शिंपलं होतं, अमरावतीहून आणलेलं. उगवलं आणि करपलं. एवढे पैसे वाया. चूक माझी, पहिल्या पावसातच टाकायचं होतं, मी झुडपं वाळायची वाट बघत बसलो.

कुसळी गवत मात्र आपोआप आलं, कोणी न बोलावता.

१४ सप्टेंबर

पोळा. काम नाही. बैल सजले. वरचा उतार मोकळा म्हणून यंदा पोरं तिकडून पळसाच्या डहाळ्या घेऊन आली. बऱ्याच वर्षांनी.

३० सप्टेंबर

मोजणी. दोन्हीकडे दहा बाय दहा मीटरचे तीन-तीन चौकोन.

आमच्या उतारावर: तोडलेल्या गड्ड्यांतून फुटवे जवळजवळ नाहीत, जे आहेत ते पहिल्या दिवसाच्या उथळ घावांचे. पण रोपं! एका मोहाखाली ११८ रोपं मोजली, बोटाएवढी, चुरगळली की तोच वास. सगळी मोहाच्या फांद्यांखाली, बाहेर तुरळक. पक्षी जिथे बसतो तिथेच पेरतो.

रस्त्याच्या कडेला: झुडपं वाळून उभी, काटे तसेच. दहातल्या चारांच्या बुडातून हिरवे फुटवे. खाली जमीन उघडी, त्यावर पहिला आलेला कोण? गाजरगवत.

आम्ही जिंकलो असं लिहावंसं वाटत होतं. ११८ चा आकडा बघून नाही लिहिलं. शाळेच्या पोरांना रविवारी घेऊन गेलो. एका तासात सगळी रोपं उपटली, शर्यत लावून. पावसाने माती मऊ होती. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षीही.

१९ नोव्हेंबर

साहेब स्वतः आले. आधी रस्ता चालले, मग उतार. रस्त्यावर वाळलेल्या काड्या मोडून बघितल्या. "फेब्रुवारीत ही पेटणार," स्वतःच म्हणाले. उतारावर नवव्या मोहापाशी उभे राहिले. तिथून बोडीचं पाणी दिसतं. एप्रिलमध्ये तिथून स्वतःचा हात दिसत नव्हता.

मी कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचं सांगितलं. तिथे सरकारी जंगलात २००१ पासून रासायनिक तणनाशक बंद आहे. झुडपं यंत्राने आणि माणसांनी कापतात, लाकडाचा धंदा चालूच आहे.

ते म्हणाले, "तिथे माणसाला पैसे देतात. तुम्ही दोन हेक्टर काढलेत. माझ्याकडे नऊशे आहेत. सांगा कसे काढू?"

उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. एवढं म्हटलं की नऊशेमध्ये किती गावं येतात ते मोजा, आणि प्रत्येक गावाला मजुरी वेळेवर देऊन तीन पावसाळ्यांचं काम द्या, एका मार्चचं नको. ते वहीत लिहून घेत होते की नुसतं पेन फिरवत होते, कळलं नाही.

जाताना मोरीपाशी थांबले आणि त्या बाटल्या शोधल्या. एक सापडली. ती गाडीत टाकून नेली.

६ फेब्रुवारी २०२४

पत्र आलं. आमच्या वनहक्काच्या क्षेत्रात फवारणी नाही. यादीतून तरोटा वगळला आहे, 'स्थानिक खाद्य वापरामुळे'. रस्त्याची कड आणि जंगलाचे बाकीचे कक्ष (खात्याने पाडलेले तुकडे): योजना कायम. म्हणजे मोरीचा नाला आमचा नाही आणि त्यातलं पाणी आमच्या बोडीत येतं.

पुढची ग्रामसभा शेजारच्या तीन गावांबरोबर घ्यायची. पाणी त्यांच्याकडून येतं.

२४ मार्च

आज होळी. मोह पडायला लागून आठ दिवस झाले. उतारावर सहा कुटुंबं येतात. तोही आला, भावाला घेऊन. भाऊ डाव्या हाताने वेचतो, टोपली बायको धरते. माझ्याशी बोलला नाही. पण आला.

झाडाखाली पाला जाळू नका असं ठरलंय, झाडून घ्या. बुढी तिसऱ्या मोहाखाली खराट्याने झाडत होती. मध्येच थांबली, वाकली, बोटभर रोपटं ओढून काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हे पाय, पुन्हा आला जावई."

नवव्या मोहापाशी अजून पंचवीसेक दिसली. सहा कुदळींचे दांडे बदलायचेत. लोहार शनिवारी येतो.